घरच्या माणसाची सही

सुधीर कुंटे यांनी मुलीसाठी चालून आलेला रेडिओलॉजिस्ट नाकारला, ही बातमी लखनौच्या जानकीपुरममधल्या मराठी घरांत वर्तमानपत्राच्या आधी पोचली. मुलगा एम.डी., मराठी, लखनौतच स्वतःचे घर, आणि मुख्य म्हणजे मुलीने स्वतःच पसंत केलेला, म्हणजे बापाला शोधण्याचेही कष्ट नाहीत. अशा वेळी मुलीचा बाप आठवडाभर 'विचार करून सांगतो' म्हणतो आणि लोक ते समजून घेतात. कुंट्यांनी मात्र खरोखरच विचार केला होता, आणि त्यांचा निष्कर्ष असा निघाला होता की मुलाच्या व्यवसायाला भवितव्य नाही.

बागेत सकाळी त्यांच्याबरोबर चालणाऱ्यांनी विचारले, रेडिओलॉजिस्टच्या व्यवसायाला? कुंटे म्हणाले, हो. एक्स-रे आता यंत्र वाचतं. वाचणारा माणूस आणखी किती दिवस ठेवतील?

चालणाऱ्यांत औषध संशोधन संस्थेतून निवृत्त झालेले एक शास्त्रज्ञ होते. त्यांचे नाव चंद्रशेखर देशकर, आणि नाकारलेला मुलगा त्यांचाच. ते रोजच्यासारखे जरा मागून चालत राहिले. फेरी संपताना एवढेच म्हणाले की आमच्या संस्थेतही नवा रेणू आता संगणक शोधतो, उंदीर मात्र अजून माणसंच धरतात. याचा अर्थ निषेध घ्यायचा की अनुमोदन, हे कुणाला ठरवता आले नाही.

कुंटे मूळचे मिरजेचे. बँकेच्या नोकरीने त्यांना आधी कानपूरला आणि मग लखनौला आणले, आणि पूर्वा शाळेत रुळल्यावर परत जायचा विषय घरात कुणी काढला नाही. हजरतगंजच्या कार्यालयात त्यांचे काम कर्जाचे प्रस्ताव तपासण्याचे. समोरचा माणूस उत्साहाने कारखाना उभा करत असे आणि कुंटे शांतपणे तो पुढे कशाने बंद पडेल याची कारणे शोधत. बँकेने त्यांना आयुष्यभर शंका घेण्याचा पगार दिला, आणि निवृत्तीनंतर पगार थांबला तरी शंका थांबल्या नाहीत. घरात नवा मिक्सर आला तर तो चालतो कसा याआधी तो बिघडल्यावर कोण दुरुस्त करणार हे ते विचारत.

त्यांच्या पत्नीचे, विनयाताईंचे, या गुणाविषयीचे मत एका नावात मावत असे: पृथ्वीराज. पृथ्वीराज हा विनयाताईंचा धाकटा भाऊ. त्याने सांगलीत बेकरी काढायचे ठरवले तेव्हा दाजींचा सल्ला मागितला होता. दाजींनी सल्ला दिला की पाव हे आजारी माणसाचे खाणे आहे, आणि आजारी माणसे बरी होतात. त्या बेकरीच्या आता कोल्हापुरात आणि साताऱ्यातही शाखा आहेत. दर दिवाळीला तिकडून नानकटाईचा डबा कुरियरने लखनौला येतो, आणि कुंटे ती नानकटाई काही न बोलता खातात.

पूर्वा सीतापूर रोडवरच्या एका खासगी रुग्णालयात रेडिओग्राफर, म्हणजे एक्स-रे आणि सीटी स्कॅन काढणारी. तिने काढायचे आणि पलीकडच्या खोलीत बसून डॉक्टर सुबोध देशकरने वाचायचे, अशी कामाची वाटणी. एखादे चित्र हललेले असले की तो उठून तक्रार करायला येई. पुढे पुढे चित्रे सुधारत गेली आणि तक्रारी वाढत गेल्या, असे पूर्वाने आईला सांगितले, आणि आईला पुढचे विचारावे लागले नाही.

पूर्वाला मराठी सगळे समजते, उत्तर ती बहुधा हिंदीत देते आणि भांडण दोन्हींत करते. बापाने नकार सांगितला तेव्हा मात्र ती भांडली नाही. सुबोधशी लग्न करायचे हे तिचे ठरलेले होते, आणि बाबांनी हो म्हटल्याशिवाय करायचे नाही हेही ठरलेले होते. विनयाताई म्हणाल्या की तू सज्ञान आहेस, कमावतेस, कुणाच्या परवानगीसाठी अडून बसायचं कारण काय? त्यावर ती कोथिंबीर निवडता निवडता म्हणाली, "तसं केलं तर आमच्याकडे पण मामाची बेकरी होईल, आई. चलेगी बढ़िया. और बाबा हर दिवाली चुपचाप बैठकर खाएँगे."

कुंट्यांची बाजूही समजून घेतली पाहिजे. ते रोज दोन वर्तमानपत्रे वाचत, आणि कृत्रिम बुद्धिमत्ता कुणाकुणाची नोकरी खाणार यावर दोन्हींत सारखे लेख येत. लेख लिहिणाऱ्याची नोकरी जाईल असे कुठल्याच लेखात नसे, हेही त्यांनी हेरले होते. पूर्वाला येणारी स्थळे बहुतेक वैद्यकीय क्षेत्रातली असल्यामुळे त्यांनी त्या क्षेत्रापुरता प्रश्न हाती घेतला आणि सगळ्या व्यवसायांची प्रतवारी लावली. कसोटी एकच: हा माणूस रोग्याला हात लावतो का? जो हात लावतो तो टिकेल. जो नुसता बघतो तो जाईल. जो नुसता लिहितो तो गेलेलाच आहे, फक्त त्याला अजून कुणी सांगितलेले नाही.

या न्यायाने रिपोर्ट टाइप करणारे आणि विम्याच्या खिडकीवर बसणारे तळाला गेले. सूक्ष्मदर्शकातून पेशी पाहणारा पॅथॉलॉजिस्ट आणि एक्स-रे पाहणारा रेडिओलॉजिस्ट त्यांच्या जरासे वर. केमिस्टला त्यांनी मध्यावर ठेवले, कारण डॉक्टरांचे अक्षर लावणे यंत्राला अजून जमत नसावे असा त्यांचा अंदाज होता. मनोविकारतज्ज्ञ आधी बराच वर होता; पण हल्ली मुले मनातले सगळे फोनलाच सांगतात, असे विनयाताईंनी लक्षात आणून दिल्यावर तो खाली आला. सर्जन वर, दंतवैद्य त्याहून वर. दुसऱ्याच्या तोंडात हात घालायची हौस यंत्राला एवढ्यात येणार नाही. नर्स आणि फिजिओथेरपिस्ट जवळजवळ शिखरावर. आणि अगदी शिखरावर बेडपॅन उचलणारी आया आणि स्ट्रेचर ढकलणारा वॉर्डबॉय, कारण ज्या कामाला इतका कमी पगार आहे ते करणारे यंत्र बनवणे कुणालाच परवडणार नाही. वॉर्डबॉयचे स्थळ मात्र त्यांनी पाहिले नाही. तत्त्व कुठवर ताणायचे याचा अंदाज बँकेत येतोच.

या सगळ्या प्रतवारीत एक काम कुठेच नव्हते. एक्स-रे काढणारीचे. मुलीचे लग्न जमवताना मुलाची नोकरी तपासतात आणि मुलीची नुसती सांगतात, ही सवय इतकी जुनी आहे की कुंट्यांसारख्या तपासनिसालाही ती दिसली नाही.

नाकारण्याआधी त्यांनी सुबोधला रीतसर घरी बोलावले होते. विनयाताईंनी हिरव्या मटारचे पोहे केले. लखनौच्या थंडीत मटार इतका गोड मिळतो की त्यावर तरी दोन्ही पक्षांचे एकमत झाले. मग कुंट्यांनी विचारले, तुमच्याआधी यंत्र वाचतं हे खरं का?

सुबोधने लपवले नाही. रात्रीत आलेली सगळी चित्रे सकाळपर्यंत यंत्राने लावून ठेवलेली असतात, तो म्हणाला. ज्यांत काही संशय आहे ती वर, आणि संशयाच्या जागी लाल गोल.

"आणि तुम्ही?"

"मी बघतो, काका, आणि सही करतो."

कुंट्यांनी बशी खाली ठेवली. पोहे संपले नव्हते.

त्या बशीचा अर्थ फक्त विनयाताईंना कळला. कुंट्यांच्या शेवटच्या काही वर्षांत बँकेत प्रस्ताव वाचणारी संगणक-प्रणाली आली होती. ती हिरवा किंवा लाल रंग दाखवी आणि कुंटे खाली सही करत. एकदा एका चिकनकारीच्या कारखान्याला लाल रंग आला. कुंटे स्वतः जाऊन तो कारखाना पाहून आले, बायका एका ओळीत बसून भरतकाम करत होत्या ते पाहिले, मालकाला पुष्कळ तिरके प्रश्न विचारले, आणि रंगाच्या विरुद्ध जाऊन शिफारस लिहिली. जन्मभर नाही म्हणणाऱ्या माणसाने हो म्हटले होते. वरून कागद परत आला. शेरा होता, प्रणालीशी विसंगत. त्यानंतर कुंटे जो रंग दिसेल त्याखाली सही करू लागले. त्या दिवसांत ते संध्याकाळी घरी येत, वर्तमानपत्र उघडत, आणि पान उलटायचे विसरत.

सुबोध गेल्यावर ते विनयाताईंना म्हणाले, "सहीपुरता ठेवलेला माणूस पूर्वाच्या घरात नको." बाहेर मात्र त्यांनी भवितव्याचेच कारण दिले, कारण ते वर्तमानपत्रात आलेले होते.

मग त्यांनी गोमतीनगरहून एक फिजिओथेरपिस्ट मिळवला. वेदांत त्याचे नाव. मुलगा मनमोकळा होता. आल्याआल्या त्याने कुंट्यांच्या उजव्या खांद्याकडे पाहिले, हा आखडलेला आहे म्हणाला, आणि दोन बोटांनी अशी काही जागा दाबली की कुंट्यांच्या डोळ्यांत पाणी आले. खांदा खरोखरच आखडलेला होता. प्रतवारीला याहून चांगला पुरावा नको होता. पूर्वाने चहा आणून ठेवला, वेदांतला गुडघेदुखीबद्दल आईच्या वतीने दोन प्रश्न विचारले, आणि तपासणी फी किती असे विचारून आत निघून गेली. वेदांत हसला. त्याच्या ध्यानात आले होते. बरोबर आलेल्या त्याच्या आईच्या मात्र आले नव्हते.

तिचा फोन दोन दिवसांनी आला. ती गोड बोलली. मुलगी छान आहे, म्हणाली, घर छान आहे, फक्त एक शंका. "तुमच्या मुलीचं काम तर आता मशीनच करतं ना? म्हणजे बटणच दाबायचं असतं. पुढे ते पण राहणार नाही, असं पेपरात होतं." तीही तीच दोन वर्तमानपत्रे वाचत होती.

कुंटे म्हणाले, "अहो, बटण दाबायलासुद्धा..." आणि थांबले. पुढे काय म्हणायचे ते त्यांना माहीत नव्हते. मुलगी रोज सकाळी डबा घेऊन जाते आणि संध्याकाळी थकून येते, यापलीकडे त्या कामाची चौकशी त्यांनी कधी केली नव्हती. न पाहिलेल्या कारखान्याची शिफारस करण्याची त्यांच्यावर ही पहिलीच वेळ. विचार करून सांगतो, असे म्हणून त्यांनी फोन ठेवला.

त्यानंतर धुके पडले. लखनौचे जानेवारीचे धुके माणसाच्या छातीत जाऊन बसते आणि फाल्गुनाशिवाय उठत नाही. कुंट्यांना खोकला धरला. काढा झाला, वाफ झाली, देशकरांनी शास्त्रीय आधार नसल्याचे सांगून दिलेली मुलेठी, म्हणजे आपला ज्येष्ठमध, झाली. शेवटी डॉक्टरांनी छातीचा सीटी स्कॅन लिहून दिला. तो पूर्वाच्या रुग्णालयातच काढायचा ठरला, कारण दुसरीकडे जाणे दिसायला वाईट होते.

स्कॅनच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसून कुंट्यांना आतले पुरेसे ऐकू येत होते आणि दार उघडे असताना दिसतही होते. त्यांच्या आधी शहराबाहेरच्या बख्शी का तालाब गावाकडची एक म्हातारी होती. तिच्या गळ्यात चांदीच्या डबीतला तावीज होता आणि तो काढायला ती तयार नव्हती. तो काढला तर आपले काय होईल हे तिला पक्के माहीत होते. पूर्वाने धातूचे कारण सांगून पाहिले. मग तिने म्हातारीच्या समोर तो तावीज आपल्या मुठीत घेतला आणि म्हणाली, "अम्मा, मेरे हाथ में है. जब तक आप अंदर, तब तक मुट्ठी बंद." म्हातारी आडवी झाली. स्कॅन होईपर्यंत पूर्वाने सगळी बटणे डाव्या हाताने दाबली.

मग यंत्राचा आवाज आला. तो एका बाईचा, आधी कुठेतरी रेकॉर्ड केलेला आवाज होता. साँस अंदर लीजिए, तो म्हणाला. रोकिए.

"जी, अच्छा," म्हातारी म्हणाली, आणि रोखलेला श्वास या दोन शब्दांबरोबर बाहेर गेला.

हीच या शहरातली अडचण होती. यंत्र दुसरीकडे कुठेतरी बनले होते, जिथे माणसाला श्वास रोख म्हटले की तो रोखतो. इथे सांगणाऱ्याला उत्तर न देणे हा उद्धटपणा समजतात. जुने वकील 'जी, बेहतर' म्हणत, शेतकरी 'जी बिटिया' म्हणत, एक निवृत्त मास्तर तर 'जी, कब तक?' असे विचारत, आणि प्रत्येकाची फुप्फुसे चित्रात पुसट येत. पुसट चित्र पाहून वाचणारे यंत्र भलभलत्या ठिकाणी लाल गोल काढी. सुबोधच्या सुरुवातीच्या तक्रारी याच होत्या. म्हणून पूर्वाने एक खोटी फेरी सुरू केली होती. किरण न सोडता आधी नुसताच आवाज ऐकवायचा, रुग्णाला हवे तेवढे 'जी' म्हणून घेऊ द्यायचे, त्याच्याशी बोलून ती अदब जरा वेळ बाजूला ठेवायला लावायची, आणि मगच खरा स्कॅन.

कुंट्यांची पाळी आली तेव्हा तिने आधीच सांगितले, "बाबा, जवाब नहीं देना है." कुंट्यांना हे लागले. मी काय इथला आहे का, असे त्यांनी विचारले. मिरजेत यंत्राला कुणी 'जी' म्हणत नाही.

ते आडवे झाले. हात डोक्याच्या वर. टेबल आत सरकले. आवाज म्हणाला, साँस अंदर लीजिए. रोकिए.

"जी," कुंटे म्हणाले.

काचेपलीकडे पूर्वाने फेरी पुन्हा लावली. दुसऱ्या खोट्या फेरीत त्यांनी ओठ घट्ट मिटले, तर 'जी' नाकातून आला. तिसऱ्या वेळी त्यांनी मान हलवून ते व्यक्त केले. तीस वर्षे हजरतगंजमध्ये लोकांना अदबीने नाही म्हणता म्हणता हे शहर त्यांच्या आत कुठवर शिरले होते ते त्या टेबलावर आडवे पडल्यावर त्यांना कळले. खोकलाही येत होता आणि हसूही, आणि दोन्ही छातीला वाईट.

पूर्वा आत आली. त्यांच्या आखडलेल्या खांद्याखाली तिने घडी घातलेली चादर सरकवली, हात जरा सैल केले, आणि त्यांच्या कानाशी वाकून मराठीत म्हणाली, "बाबा, 'जी' मनात म्हणा. पोचतं."

चौथी फेरी खरी होती. कुंट्यांनी मनात 'जी' म्हटले आणि चित्र स्वच्छ आले.

कपडे नीट करून ते बाहेर बसले तेव्हा प्रतवारीतली रिकामी जागा त्यांनी भरली. नर्सच्या शेजारी. बटणाचे काय ते वेदांतच्या आईला कळवायचे वाक्यही आता त्यांच्याकडे तयार होते. पण ते त्यांनी फोनवर सांगितले नाही. ते फार लांब होते.

थोड्या वेळाने सुबोध बाहेर आला. हातात कागद नव्हता. तो त्यांच्या शेजारी बाकावरच बसला, आणि पूर्वा दारात येऊन उभी राहिली. तो म्हणाला, "काका, यंत्राने एके ठिकाणी लाल गोल काढलाय. घाबरू नका, पण मला विचारायचंय. लहानपणी छातीचं काही दुखणं झालं होतं का?"

कुंटे आधी नाहीच म्हणाले. तो त्यांचा स्वभाव. मग आठवले. मिरजेत, शाळेत जायच्या आधी. ताप उतरेना म्हणून आई त्यांना मिशनच्या दवाखान्यात नेत असे. त्याच वेळी डॉक्टरांच्या सांगण्यावरून घरात पहिल्यांदा अंडी आली, तीही मागच्या दाराने, आणि शेजाऱ्यांना कळू नये म्हणून टरफले परसात पुरत. सगळे घर त्या आजाराला 'सुधीरची अंडी' म्हणे. आजाराचे खरे नाव त्यांच्यापर्यंत कधी पोचलेच नाही.

सुबोध शांतपणे सगळे ऐकून घेत होता. मग म्हणाला, जुळतंय. तो डाग तेव्हाचा आहे. बरा होऊन त्यावर चुना साठलाय, चित्रात तसाच दिसतो. यंत्राला डाग दिसला हे त्याचं बरोबर; तो मिरजेचा आहे हे त्याला कळायला सोय नाही. आत्ताचा खोकला धुक्याचा. मी तसं लिहितो.

कुंट्यांनी विचारले, "यंत्राच्या विरुद्ध लिहिता येतं तुम्हाला?"

"लिहावंच लागतं, काका. सही माझी असते. चुकलं तर यंत्राला कुणी कोर्टात बोलावत नाही."

"आणि वरून परत येत नाही?"

सुबोधने छताकडे पाहिले. "वर कोण? वर फॉल सीलिंग आहे."

कुंटे बराच वेळ त्या फॉल सीलिंगकडे पाहत राहिले. त्यात एक चौकोन ओल येऊन पिवळा पडला होता. एरवी त्यांनी त्याबद्दल चौकशी केली असती. आपल्याला बँकेतल्या त्या शेवटच्या वर्षांत कुणी विचारले नाही आणि आपणही मग कुणाला विचारायचे सोडून दिले. हा मुलगा सही करण्याआधी उठून बाकावर येऊन बसतो. दहा वर्षांनी याला ठेवतील की नाही हे सांगता येणार नव्हते. पण हा संध्याकाळी घरी आल्यावर वर्तमानपत्राचे पान उलटेल, हे दिसत होते.

सुबोध उठला. सही करून रिपोर्ट पाठवतो, म्हणाला.

"थांबा," कुंटे म्हणाले. "ही सही तुम्ही करायची नाही."

सुबोध थांबला.  आता बाबा दुसऱ्या शहरातल्या दुसऱ्या डॉक्टरचे मत मागणार, आणि त्यानंतर तिसऱ्याचे, हे पूर्वाला दिसू लागले.

कुंटे समजावण्याच्या स्वरात म्हणाले, "घरच्या माणसाच्या कागदावर घरच्या माणसाची सही चालत नाही. आमच्याकडे मेमो मिळायचा."

 आतून त्या रेकॉर्ड केलेल्या बाईने कुणाला तरी श्वास सोडायला सांगितले.

"बाबा," पूर्वा म्हणाली, "घरचं माणूस कौन?"

आपण काय बोललो ते कुंट्यांना तेव्हा ऐकू आले. त्यांनी यातून बाहेर पडायची वाट शोधली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या प्रस्तावांतल्या पळवाटा शोधल्या होत्या. नाते नाही म्हणावे, तर याने सही करायला हरकत नव्हती. हरकत घ्यावी, तर नाते होते. नियम मोडणे हा तिसरा मार्ग. पण तो त्यांनी कधी वापरला नव्हता, आणि आता सुरुवात करायचे वय राहिले नव्हते.

"इथे दुसरे कुणी डॉक्टर आहेत का?" त्यांनी विचारले.

डॉक्टर निगम होत्या, पण त्या जेवायला गेल्या होत्या.

"मग मी थांबतो," कुंटे म्हणाले, आणि पूर्वाला म्हणाले, "तुझ्या डब्यात काय आहे?"

डब्यात मटारची उसळ होती. ती त्यांनी संपवली. डॉक्टर निगम यांनी जेवण करून येऊन चित्र पाहिले, सुबोधने लिहिलेलेच शब्द थोडे मागेपुढे करून लिहिले आणि सही केली. कुंट्यांनी ती नीट तपासून पाहिली.

संध्याकाळी विनयाताईंना पूर्वाकडून सगळे कळले होते, तरी त्यांनी नवऱ्याच्या तोंडून ऐकण्यासाठी वाट पाहिली. कुंटे म्हणाले, डाग जुना आहे, काळजीचं कारण नाही. एवढेच? एवढेच. मग स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी दिवाळीच्या डब्यात उरलेली एक नानकटाई काढली. ती मऊ पडली होती. ती खाताना ते म्हणाले, "पृथ्वीराजला फोन लाव. लग्नात पाव-बिव नको म्हणावं, पण नानकटाई त्याच्याकडूनच घेऊ." विनयाताईंनी ही गोष्ट माहेरच्या सगळ्यांना सांगितली, जावयाची बातमी त्यांनी त्यानंतर दिली.

दुसऱ्या दिवशी बागेत कुंटे मुद्दाम सावकाश चालले आणि देशकर त्यांच्या बरोबरीला आले.

कुंटे म्हणाले, "मुलाच्या व्यवसायाचं काही खरं नाही. मुलगा चांगला आहे."

देशकरांनी थोडा विचार केला. "आमच्याकडेही तेच मत होतं," ते म्हणाले. दोघांनी मिळून एक फेरी जास्त मारली.

लग्न मार्चमध्ये, धुके पूर्ण उठल्यावर झाले. वेदांत लग्नाला आला होता आणि मांडवात त्याने देशकरांची मान पाहिली. तो आता दर रविवारी कुंट्यांच्या खांद्यासाठी येतो आणि प्रतवारीतले त्याचे स्थान अबाधित आहे. सुबोधच्या यंत्राची मध्यंतरी नवी आवृत्ती आली. ती लाल गोलाच्या शेजारी आता कारणही लिहिते. सुबोध ते वाचतो आणि मग बाकावर जाऊन बसतो. कुंट्यांनी रेडिओलॉजिस्टला प्रतवारीत एक घर वर सरकवले आहे. त्याहून जास्त नाही, कारण जावई म्हणून पक्षपात केल्यासारखे दिसेल.

पूर्वाच्या कामाबद्दल मात्र ते निश्चिंत आहेत. रुग्णालयाने मध्ये वेळ वाचवण्यासाठी तिची खोटी फेरी बंद करायचे ठरवले होते. त्यासाठी यंत्राच्या कंपनीशी बोलून रुग्णालयाने रेकॉर्ड केलेल्या सूचनांच्या आधी एक नवे वाक्य घालून घेतले. आता ती बाई सुरुवातीलाच अदबीने सांगते: कृपया मशीन की बात का जवाब न दें.

रुग्ण टेबलावर आडवे पडून ते लक्षपूर्वक ऐकतात, आणि म्हणतात, "जी, नहीं देंगे."

पूर्वाची फेरी परत सुरू झाली आहे.